पडद्यावरचे हात

पडद्यावर नुसते हात होते. चेहरा नाही, आवाज नाही. कोपरापर्यंत वर सारलेल्या निळ्या बाह्या आणि पांढऱ्या टेबलावर टेकलेले दोन हात. उजव्या हाताची करंगळी शेवटच्या पेरापाशी बाहेर वळलेली होती. ती करंगळी दिसली आणि तिनं सगळ्यांत आधी काय केलं असेल, तर खांद्यावरून घसरलेली ओढणी सारखी केली. घरात अचानक कुणी वडीलधारं आल्यावर करतात तशी. मग तिच्या लक्षात आलं की आपल्याला कुणी बघत नाहीये, बघतोय ते आपणच, आणि आपल्याबरोबर नवीन लाइनवर घेतलेल्या झाडून सगळ्या बायका. कारखान्याच्या जेवणघराच्या खिडक्यांना काळे कागद चिकटवले होते, टेबलं भिंतीला लावून खुर्च्या ओळीनं मांडल्या होत्या, आणि त्या अंधारात तिच्या नवऱ्याचे हात चारचौघींत उघडे पडले होते. शेजारची पुटपुटली, "हात काय छान आहेत गं. नखं बघ कशी स्वच्छ." तिच्या पलीकडची म्हणाली की असले हात घरी भांडी घासत असणार, बायको नशीबवान. दोघी तोंडावर हात ठेवून हसल्या. तिला वाटलं, उठावं आणि पडद्यापुढे आडवं उभं राहावं, बास झालं, आता बघू नका म्हणावं. तिला असंही वाटलं की उठून सांगावं, हो, घासतात, पण कढई तेवढी माझ्यासाठी ठेवतात. दोन्ही एकदमच वर आलं आणि ती जागेवरच बसून राहिली. अंधार होता म्हणून बरं, तिचा चेहरा कुणाला दिसला नाही.

हात आपले कामात गुंग होते. ऑक्सिजनच्या नळीवर बसणारी पितळी झडप, अंगठ्याच्या पेराएवढी. डाव्या हातात पितळेचं घर, त्यात स्प्रिंग, स्प्रिंगवर मिरीच्या दाण्याएवढी पोलादी गोळी, वर रबरी कडी, मग टोपी, आणि ती टोपी फिरवताना मनगट असं वळायचं की बाटलीचं झाकण लावतोय असं वाटावं, कष्ट म्हणून नाहीतच. टोपी बसली की हात जरा थांबायचा. मधल्या बोटाचं पेर वाकायचं आणि टोपीवर दोनदा हलकेच टेकायचं. मग झडप ट्रेमध्ये, आणि पुढची. चित्राला आवाज नव्हता, पण तिला तो ऐकू आला. टक, टक. पुढे उभ्या असलेल्या शिकवणीबाई काठीनं पडद्यावर दाखवत एकेक पायरी म्हणून घेत होत्या: घर, स्प्रिंग, गोळी, कडी, टोपी, दोनदा टकटक, ट्रे. बायका शाळेसारख्या त्यांच्यामागून म्हणत होत्या. दोनदा टकटक आलं की तिचा आवाज बंद पडायचा. ती पायरी नव्हतीच. ती त्याची सवय होती. हे या खोलीत तिला एकटीला माहीत होतं आणि हात वर करून सांगायला हवं होतं, पण सांगायचं म्हणजे आधी तो कोण ते सांगायला हवं होतं.

त्याची ती सवय लग्नाच्या आधीपासूनची. काम झालं, वस्तू जागेवर गेली, की तिच्यावर बोटाच्या पेरानं दोनदा वाजवायचं आणि मगच तिच्यापासून दूर व्हायचं. डब्याचं झाकण लावलं, टक टक. फाटकाची कडी घातली, टक टक. सायकलची साखळी बसवली, खिडकीचं दार दुरुस्त केलं, तिला चहाचा कप आणून दिला, टक टक. नवी नवरी म्हणून आली तेव्हा पहिल्या आठवड्यात ती दर टकटकीला दार उघडायला उठायची आणि नणंद पोट धरून हसायची. नणंद म्हणाली होती, "वहिनी, दारावर कुणी नाही, दादा नुसता जेवायला बसलाय." मुलगी झाली आणि दवाखान्यातून घरी आणून तिला पहिल्यांदा गादीवर ठेवलं, तर तिच्या एवढ्याशा कपाळावरही त्यानं दोनदा पेर टेकवलं. तेव्हा ती त्याच्यावर डाफरली होती, अहो, ती काय डबा आहे का म्हणून. तो ओशाळला होता. मुलगी मात्र त्यानंतर टकटक केल्याशिवाय झोपेनाशी झाली.

आणि ज्या दिवशी तो सीमेपलीकडे कामाला गेला त्या दिवशी त्यानं सगळ्या घराचा निरोप असा घेतला होता. पेटी बांधून झाली, टक टक. फाटक, टक टक. बहिणीच्या डोक्यावर, झोपाळलेल्या मुलीच्या कपाळावर. बसथांब्यावर ती त्याच्या शेजारी उभी होती, बस आली, गर्दी झाली, आणि तो चढला. तिला काहीच नाही. आपण काय कडी का पेटी, म्हणून तिनं स्वतःलाच समजावलं होतं, आणि तरी घरी येऊन रुसल्यासारखी बसली होती, रुसवा काढायला माणूस नसताना. पहिल्याच फोनवर तिनं ते थट्टेत सांगितलं. सगळ्यांना टकटक करून गेलात, मला तेवढं विसरलात. मग तो म्हणाला, "विसरलो नाही. तुझी बाकी ठेवलीय." तेव्हा मुलगी अंगावर पीत होती. आता तिचे दुधाचे दात पडायला लागले आहेत.

मधे एकदा तो येऊन गेला होता. थोडक्या दिवसांसाठी, अंगावर तिकडच्या साबणाचा वास घेऊन. त्या वेळी त्याचे हात गप्प होते. कप ठेवला, आवाज नाही. फाटक लावलं, आवाज नाही. मुलीनं झोपताना कपाळ पुढे केलं तर त्याला क्षणभर कळेचना ती काय मागतेय. तिनं विचारलं तेव्हा तो हसत म्हणाला, तिकडे चालत नाही, घड्याळ लावून मोजतात, मोडली सवय. हसत म्हणाला खरा, पण तिला हसू आलं नाही. पगाराबरोबर एवढंही कापून घेतात हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. त्याच्या त्या शहाण्या, गप्प हातांकडे बघत तिनं ते दिवस काढले. मग आता पडद्यावर ही टकटक कुठून आली? एकटं राहून राहून पुन्हा लागली असेल, असं तिनं मनाशी ठरवलं. माणसाच्या सवयी जातात कुठे.

कारखाना आधी नळाच्या तोट्यांचा होता आणि मालक गावचाच होता. मग तिकडच्या कंपनीनं तो विकत घेतला, तीच कंपनी, जिच्यात तो होता. तेव्हा दोघांना कोण आनंद झाला होता. फोनवर तो म्हणाला होता, आता आपण एकाच छपराखाली आलो की गं, फक्त छप्पर जरा लांब आहे. कंपनीच्या वाढदिवसाला तिला एक स्टीलची बाटली मिळाली, वर कंपनीचा शिक्का, आणि त्याच दिवशी त्यालाही तीच, तसलीच. दोघांनी आपापल्या बाटल्या फोनच्या पडद्यापुढे धरून दाखवल्या आणि मुलगी टाळ्या पिटत राहिली. भेट दोघांना सारखी. पगाराचं म्हणाल तर तो तिकडे दिवसभरात मिळवायचा ते मिळवायला तिचा आठवडा सरायचा. याचं तेव्हा तिला वाईट वाटलं नव्हतं. तिकडचं ते तिकडचं, असंच सगळे म्हणत. आणि तिकडच्याच पैशावर तर वरची खोली चढत होती. भिंती उभ्या राहिल्या होत्या, छप्पर पडलं होतं, फक्त खिडकीच्या चौकटी राहिल्या होत्या आणि तिथून पाखरं आत येऊन सिमेंटच्या पिशव्यांवर बसत.

फोन रविवारी दुपारी यायचा. पडद्यावर हात बघितल्यानंतरच्या रविवारी तिनं ठरवलं होतं की पहिल्याच वाक्यात सांगायचं. तो म्हणाला, सध्या काम जरा कमी आहे. ती म्हणाली, होतं असं कधीकधी. एवढंच. लाइन उचलून इकडे आणलीय म्हणजे तिकडे ती बंदच झाली, हे कळायला काय मोठं डोकं लागतं? यंत्रांवर तिकडच्या हातांचे डाग होते. एका टेबलाच्या खालच्या बाजूला कुणीतरी चिकटवलेलं च्युइंगमसुद्धा तसंच आलं होतं. तरी ती बोलली नाही. बोललं की ते काम त्याच्या हातातून निघून तिच्या हातात आलं, हे दोघांच्या मधे येऊन बसणार. तो कमी पैसे मागत नव्हता म्हणून त्याचं गेलं, आणि ती कमी पैशात करते म्हणून तिला आलं. नवराबायकोत बोलायची ही गोष्ट आहे का? त्यापेक्षा ती मुलीच्या दातांबद्दल बोलली. त्यानंही दातांबद्दलच विचारलं. फोन ठेवल्यावर ती वरच्या खोलीत गेली आणि नसलेल्या खिडकीतून बाहेर बघत उभी राहिली.

महिना सरायच्या आत लाइन जोरात चालायला लागली. आणि तो आवाज! सकाळी पाळी सुरू झाली की आधी नुसती कुजबुज, पितळेची किणकिण, आणि मग एकेका टेबलावरून सुरू व्हायचं, टक टक, इकडे टक टक, तिकडे टक टक. पत्र्यावर वाळत घातलेल्या शेंगा फुटाव्यात तसा. तिच्या नवऱ्याची एवढीशी खासगी लकब खोलीभर पसरली होती आणि कुणाच्या गावीही नव्हतं. ज्या बाईनं त्याच्या नखांचं कौतुक केलं होतं ती तर करंगळीही बाहेर काढायची, तेही शिकवणीत होतं असं समजून. हसू यायचं तिला, आणि हसता हसता डोळे भरायचे, मग पितळेची धूळ गेली म्हणून ते पुसायचे. कधी डोळे मिटून बसलं तर वाटायचं, तो घरात आहे. सगळ्या खोल्यांत एकदम आहे. स्वतः झडप करताना मात्र तिला ती टकटक जमायची नाही. बोट वाकायचं आणि लाजायचं.

कधीकधी झडप तळहातावर घेऊन ती नुसती बघत बसायची. तीच गोळी, तीच कडी. दवाखान्यात जो माणूस हिच्यातून श्वास घेईल त्याला कळणार नाही ती कुणी बसवली. खोक्यावरची किंमतही तीच राहिली होती. त्याच्या हातून झाली असती तर हिच्यातली चिमूटभर कमाई वरच्या खोलीच्या भिंतीला लागली असती. तिच्या हातून झाली तर दुधाच्या पिशवीलाही पुरी पडत नव्हती. मधलं कुठे गेलं? ते त्याला मिळत नव्हतं, तिला मिळत नव्हतं, आणि हवेत विरून तर गेलं नसणार. शिकवणीबाई गावातल्याच, पण तिकडे शिकून आलेल्या. त्यांचा पगार तिकडच्या मापानं होतो असं सगळ्या बोलत. बाई स्वभावानं गोड होत्या, कुणाचं बोट कापलं तर स्वतः पट्टी बांधत. त्यांच्यावर रागावणं जमत नव्हतं. मग रागावायचं कुणावर, हे न कळल्यामुळे तिचा राग जेवणाच्या डब्यात बसून राहायचा, आणि घास जरा सावकाश उतरायचा.

खोलीच्या टोकाला खोकी भरणारी एक बाई होती. दुसऱ्या बाजूची सीमा ओलांडून आलेली. तिकडे म्हणे काहीच काम नव्हतं. तिला भाषा जेमतेम यायची, म्हणून सगळ्या तिला पाहुणी म्हणत. पाहुणीला लाइनवाल्यांपेक्षा कमी मिळायचं, रजा नाही, बाटलीही मिळाली नव्हती. ती दिवसभर ह्यांच्या हातांकडे बघायची, आणि एके दिवशी खोक्याला चिकटपट्टी लावून झाल्यावर तिनंही खोक्यावर दोनदा टकटक केलं. नीट, मन लावून, जणू तेही शिकायला हवंच. मग वर, तिच्याकडे बघून हसली, बरोबर आहे ना, असं विचारल्यासारखी. तिला त्या नजरेची ओळख पटली. आपणही फोनच्या पडद्यावर नवऱ्याच्या बाटलीकडे, त्याच्या मागच्या उजळ भिंतीकडे असंच बघायचो. तिनं मान डोलावली. बरोबर आहे, म्हणाली. त्या दुपारी तिनं डब्यातलं अर्धं पाहुणीच्या झाकणात काढून ठेवलं, आणि दोघी शेजारी बसून जेवल्या.

पुढे तिला लाइनप्रमुख केलं. पगार थोडा वाढला. गल्लीतल्या दोन-तीन बाप्यांपेक्षा जास्तच झाला, हे नणंदेनं लगेच जोडून बघितलं आणि फाटकात उभी राहून ज्यानं विचारलं नाही त्यालाही सांगितलं. नणंद इस्त्रीच्या दुकानात कामाला, जिभेवरही इस्त्री फिरवून बोलणारी. ती म्हणाली, "वहिनी, तुमचा वाढला तर दादाचा कमी का येतोय?" त्या महिन्यात खरंच कमी आला होता. तिनं तिकडच्या कराचं काहीतरी सांगितलं. नणंदेला पटलं नाही, पण गप्प बसली, आणि तिच्या गप्प बसण्याचीच जास्त भीती वाटली. स्वतःची वाढ हातात आली तेव्हा तिला आनंद झाला होता, का होऊ नये? तिचं काम चांगलं होतं. पण ती वाढ कुणाच्या ताटातून उचलून तिच्या ताटात वाढली हेही तिला दिसत होतं, आणि वाढणारा मधल्यामधे बोटं चाटत होता.

त्यानंतरच्या एका रविवारी तो म्हणाला की आणखी वरच्या अंगाला एक शहर आहे, तिथे मासळीचं शीतगृह आहे, माल चढवायला माणसं हवीत. बर्फात उभं राहायचं, पण पैसे झडपांच्या जवळपास. करार लांबचा आहे, मधे सुट्टी नाही. आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, तुला काय वाटतं? तो झडपा का सोडतोय हे तिनं विचारायला हवं होतं. विचारलं नाही, आणि आपण विचारलं नाही हे त्याला कळलं, हेही तिला कळलं. तो मग आपणहून एवढंच बोलला, की इकडे हल्ली कागदावर काम करणारे वर चढलेत आणि हातानं काम करणारे खाली आलेत, बाकी काही नाही. ती म्हणाली, थंडीत तुमचा खांदा धरतो. तो म्हणाला, धरतो खरा. तिला म्हणायचं होतं, या. एवढं एकच अक्षर. पण या म्हणायचं आणि काय द्यायचं? खिडक्या नसलेली खोली आणि गल्लीत रिकामा बसलेला बाप? त्याला इथं कोण काय देणार होतं? तिनं जिभेवरचं अक्षर गिळलं. तो म्हणाला, महिनाअखेर सही करायचीय, बघू.

तेव्हापासून तिच्या डोक्यात महिनाअखेर ठाण मांडून बसली. सही झाली की तो गेलाच. मग मुलीचे सगळे दात नवे येतील, तिला कडेवर घ्यायचे दिवस जातील, आणि तो फोनच्या चौकटीत लोकरी टोपीत हसत राहील. मुलगी आताशा फोनवर नीट बोलत नसे. आलेच हं बाबा, म्हणून खेळायला पळायची. एकदा झोपताना तिनं विचारलं, "आई, बाबा मला टकटक करायचा ते मला आठवतं, का तू सांगतेस म्हणून आठवतं?" ती मुलीच्या कपाळावर हात ठेवून पडून राहिली, आणि टकटक करावी असं वाटूनही तिनं केली नाही. ते काम तिचं नव्हतं.

त्याच आठवड्यात लाइनच्या शेवटच्या टेबलावरची मुलगी नोकरी सोडून गेली. तिकडे म्हाताऱ्या माणसांना सांभाळायला बायका लागतात, इथल्या चौपट देतात, असं सांगत आणि रडत सगळ्यांच्या गळ्यात पडून गेली. शेवटचं टेबल खिडकीजवळचं, चांगल्या उजेडाचं. त्यावर कुणाला बसवायचं ते तूच बघ, शिकवणीबाई तिला म्हणाल्या, तुझ्या ओळखीत कुणी हात चालणारं असेल तर आण, बाई असो की बाप्या. ती हो म्हणाली आणि विसरून गेली. म्हणजे विसरली नाही, तो विचार तिनं मनाच्या दारात उभा ठेवला आणि आत घेतला नाही.

आणि मग गुरुवारी, चहाच्या सुट्टीत, शिकवणीबाई हसतच तिच्याकडे आल्या. म्हणाल्या, अगं ऐक, मोठी गंमत झाली. तिकडच्यापेक्षा आपल्या झडपा कमी भरतात म्हणून मी वर विचारणा केली होती, प्रत्येक झडपेला तो टकटकीचा वेळ जातो, ही पायरी कशासाठी आहे म्हणून. तर तिकडून उत्तर आलं की अशी पायरीच नाही. तो माणूस पूर्वी तसं करायचा, पण त्याला कितीदा बजावून त्यांनी ती खोड पार मोडली होती. कित्येक वर्षांत त्यानं एकदाही केलं नव्हतं. "चित्रीकरणाच्या दिवशीच का केलं कुणास ठाऊक," बाई म्हणाल्या. "आधी विचारत होता म्हणे, हे कुठल्या गावाला दाखवणार. गावाचं नाव सांगितलं, तर म्हणाला बरं, आणि बसला. आणि पहिल्या झडपेपासून टक टक. आवाज नसल्यामुळे चित्र कापून जोडणाऱ्याच्या लक्षातच आलं नाही." बाईंनी कप रिकामा केला. चक्रम दिसतोय, पण हात सोन्याचे आहेत, म्हणाल्या, आणि सोमवारपासून टकटक बंद, तेवढं सगळ्यांना नीट सांग.

ती कप धरून तशीच उभी राहिली. चहा निवत गेला. म्हणजे त्याला माहीत होतं. लाइन उचलली जाणार, कुठे जाणार, कोण बघणार, सगळं माहीत होतं. ज्या दिवशी त्याचं काम त्याच्या हातातून काढून घेण्यासाठी त्या हातांचं चित्र काढलं, त्या दिवशी तो तिथं बसला, आणि बजावून, दंड करून, घड्याळ लावून मोडलेली आपली सवय त्यानं मुद्दाम पुन्हा उचलली. फोनवर सांगायला त्याची जीभ रेटली नाही. जे सांगायला तिची रेटली नाही तेच. आणि ती वेडी, अंधारात बसून ओढणी सारखी करत होती. बाकी ठेवलीय म्हणाला होता. एवढे दिवस लाइनवर सगळ्या जणी तिच्या वाटणीची टकटक करत बसल्या होत्या, खोक्यांवर पाहुणीसुद्धा, आणि जिची होती ती एकटी हात आखडून बसली होती. तिला हसू आलं आणि रडू आलं, आणि या वेळी तिनं धुळीचं निमित्त केलं नाही. कुणीतरी विचारलं, काय गं, काय झालं? ती म्हणाली, काही नाही, घरचा निरोप आलाय.

रविवारी तिनं फोनची वाट बघितली नाही, स्वतःच लावला. वरच्या खोलीत, सिमेंटच्या पिशवीवर बसून. नणंद मुलीला घेऊन खाली होती. तो फोनवर आला, काय गं, सगळं ठीक ना, म्हणाला. तिनं फोन तोंडाजवळ धरला आणि बोटाच्या पेरानं त्याच्या पाठीवर वाजवलं. टक, टक.

तिकडे मागे कुठेतरी पाणी वाहत होतं, तेवढं ऐकू येत राहिलं.

"बघितलंस?" तो म्हणाला.

"बघितलं. सगळ्या लाइननं बघितलं. सगळ्या करतात. तुमच्या करंगळीसकट."

तो हसला, आणि हसता हसता त्याचा आवाज फाटला. ती फक्त तुझ्यासाठी होती गं, म्हणाला. मग दोघांनीही एकदम बोलायला सुरुवात केली आणि दोघंही थांबले. तिनं विचारलं, सही झाली का. अजून नाही, उद्या. ती म्हणाली, "नका करू. या."

"येऊन काय करू गं मी तिथं?"

लाइनवर एक जागा आहे, ती म्हणाली, शेवटची, उजेडाची. मग हळूच म्हणाला की म्हणजे माझंच काम, तिथल्या तुटपुंज्या पगारात, आणि तुझ्या हाताखाली. "हाताखाली कशाला," ती म्हणाली, "शेजारी. माझं टेबल त्याला लागूनच आहे." तो म्हणाला, दोघांचं मिळूनसुद्धा माझ्या एकट्याच्या निम्मं होणार नाही. ती खोटं बोलली नाही. नाही होणार, म्हणाली. खिडक्या राहतील, तो म्हणाला. राहतील, ती म्हणाली, पाखरं येतात, येऊ देत. आणि मग तिला वाटलं, आता सगळं सांगून झालं, आता यापुढे माझ्याजवळ शब्द नाही, आता तो काय म्हणेल ते. खालून मुलीचा आवाज येत होता, ती आत्याला काहीतरी पटवून देत होती. तिकडचं पाणी थांबलं. कुणीतरी नळ बंद केला असावा.

"टेबलं किती उंच आहेत गं तिथली?" तो म्हणाला. "आपलीच पाठवलीत ना? त्यांचे पाय कापून बुटके केले होते पाठवण्याआधी, बायका बसणार म्हणून. माझे गुडघे नाही जायचे खाली."

तिनं डोळे मिटून घेतले. सिमेंटच्या धुळीचा वास आला, दुपारचं ऊन पायांवर आलं होतं. "मी बघते," ती म्हणाली.

सोमवारी पाळी सुरू व्हायच्या आधी तिनं सगळ्यांना उभं करून सांगितलं की आजपासून टकटक बंद, ती पायरी नाही, चुकून आली होती. बायका हळहळल्या. एक जण म्हणाली, पण त्याशिवाय झडप झाल्यासारखी वाटत नाही. पाहुणीला हातानं खुणा करून समजवावं लागलं आणि तिचा चेहरा उतरला. दिवसभर बोटं वाकत राहिली आणि मधेच आठवण होऊन थांबत राहिली. खोली ओकीबोकी वाटत होती. दुपारी तिनं दुरुस्तीवाल्याकडून चार लाकडी ठोकळे मागून आणले, शेवटच्या टेबलाचा एकेक पाय उचलून खाली सरकवले, आणि टेबल हलतंय का ते दाबून बघितलं. तिच्या कमरेला लागणारं टेबल आता पोटाच्या वर आलं होतं. करंगळीवाली बाई हातातली झडप तशीच ठेवून बघत होती. एवढं उंच कुणासाठी, तिनं विचारलं, त्याला सगळं पहिल्यापासून शिकवत बसावं लागणार की काय.

"नाही गं," ती म्हणाली, आणि शेवटचा ठोकळा नीट बसल्यावर तिनं टेबलावर बोटाचं पेर दोनदा टेकवलं. "त्याला नाही शिकवावं लागणार."